बांधावरची रानभेंडी

बोरिवली, मुंबई
२३ नोव्हेंबर

प्रिय विन्या,

काकूंना आता बरं आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. दिवाळी झाली की मी रविवारचा कसलं बी वेचत हिंडतो, असं तू विचारलंस. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

अण्णा मळ्यात ‘परभणी क्रांती’ भेंडी लावायचे, आठवतं? शेजारच्या भेंडीवर हळद्या रोग पडून पानं पिवळीधमक व्हायची आणि तुमचा तुकडा हिरवागार. ती जात तुमच्याच कृषी विद्यापीठाची, १९८०च्या दशकातली. पुसा सावनी ही आधीची जात हळद्याला बळी पडत होती. तिचा रानभेंडीशी संकर केला आणि झुंजायची ताकद त्या रानटी झाडाकडून आली. पुढे रोगानं रूप बदललं आणि बऱ्याच ठिकाणी ही जातही मानेनाशी झाली. म्हणजे पुन्हा रानातच शोधायला जायचं. पण तोवर तिथं काही उरायला हवं ना!

गेल्या रविवारी कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंबरोबर गोराईला गेलो होतो. (नॅशनल पार्कात वनखात्याच्या परवानगीशिवाय पानही तोडायचं नाही, हा बाईंचा दंडक.) शेतातल्या मावशींना विचारून बांधावर उतरलो. रानभेंडीचं बोंड आखूड, पंचकोनी, आणि त्यावरची लव अशी राठ की बोटांत रुतून संध्याकाळपर्यंत चुणचुणते. बोंड तपकिरी झालेलं हवं, पण उकललेलं नको. टोकाकडून पाच फाका सुटल्या की बी सांडलंच. रस्त्याकडेची झाडं तर बी धरण्याआधीच गवताबरोबर छाटली जातात. ते बघून फार वाईट वाटतं.

एकाच भरल्या झाडावरून मूठभर बी घेऊन भागत नाही. जमलं तर पन्नासेक झाडांवरून थोडं थोडं घ्यायचं, आणि पिकलेल्या बियांच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नाही. असं का, ते भाताच्या गोष्टीवरून कळतं. १९७०च्या सुमारास आशियात भातावर खुरटेपणाचा विषाणू आला. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत सहा हजारांहून जास्त नमुने तपासले. उपयोगी पडला तो एकच, उत्तर प्रदेशातल्या गोंड्याकडचा रानटी भात. त्यातलीही मोजकीच रोपं रोगाला पुरून उरली. १९७६ साली आलेल्या आयआर ३६ या भाताच्या जातीत तोच गुण आहे. कोणी दोन-चार ओंब्या खुडून परत फिरलं असतं, तर?

बी वेचलं की कागदी पाकिटात. प्लास्टिकमध्ये घाम धरतं. पाकिटावर गाव, तारीख, माती, आसपासची झाडं, सगळं लिहायचं. नुसत्या बियांना फारशी किंमत नाही. मुंबईच्या दमट हवेत सावलीतही बी नीट वाळत नाही, म्हणून डब्यात सिलिका जेल. पुरतं वाळलं की दिल्लीच्या जनुकपेढीत, म्हणजे बियांच्या बँकेत, उणे १८ अंशांना वर्षानुवर्षं टिकतं.

तुझ्या ओढ्याकाठी पिवळ्या फुलांची, मधे जांभळा डोळा असलेली भेंडी दिसते, असं तू मागे म्हणाला होतास. यंदा गड्याला तिथं विळा घालू देऊ नकोस. बोंडं तपकिरी व्हायला लागली की फोन कर; बाईंना विचारून पुढचं ठरवू. हातमोजे मात्र घाल.

काकूंना नमस्कार, वहिनींना आणि पोरांना आठवण सांग.

तुझाच,
सुहास