बांधावरच्या फणसासाठी शेजारच्या आप्पांना पत्र

आप्पा,
सा. न. वि. वि.

समोर बसून हे बोललो असतो तर तुम्ही "ऱ्हाऊ दे की रे, चहा घे आधी" म्हणून विषयच बदलला असता. म्हणून लिहितोय, आणि चारचौघांना दिसेल असं लिहितोय. नातू तुम्हाला वाचून दाखवेलच.

गेल्या साली रोहिणीच्या पावसात आई गेली. सावडायच्या दिवशी घरात दोन तट पडले. काका म्हणत होते, पिढ्यान्‌पिढ्या रक्षा मलप्रभेत सोडतोय, तेच करायचं. ताईचं म्हणणं, आईचा सगळा जन्म शेतात गेला, तिला शेतातच ठेवायची आणि वर झाड लावायचं. हल्ली आपल्या खानापूर भागात असं पुष्कळ जण करतात, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. पण ताईला सगळीच रक्षा एका खड्ड्यात घालायची होती. तेव्हा तुम्ही मध्ये पडलात. "एवढी राख एका जागी पडली तर कोवळं मूळ करपतंय. मूठभर खड्ड्याच्या मातीत कालव, थोडी शेतात पसर, बाकीची नदीला दे." काकाही गप्प, ताईही गप्प. भांडण मिटवायची ही तऱ्हा तुम्ही कुठं शिकलात कोण जाणे!

मग झाड कुठलं? पाहुण्यांनी वड सुचवला. वड बांध फोडून विहिरीपर्यंत जाईल, हे तुम्हीच सांगितलंत. परसातल्या फणसाला तेव्हा फळं पिकत होती. त्याच फणसाचे गरे आई दरसाल गल्लीभर वाटायची. मी रोपवाटिकेत जायच्या तयारीत होतो, तुम्ही अडवलंत. फणसाचं सोटमूळ पिशवीत गुंडाळतं आणि तसलं झाड पुढं नीट धरत नाही, म्हणून आठळीच जागेवर लावायची. तीही ताजी, कारण फणसाची आठळी सुकली की उगवत नाही. मृग लागल्यावर बांधावर दोन फूट खड्डा खणून, शेणखत मिसळून, तीन आठळ्या आडव्या पुरल्या. झाड परसातल्यासारखंच निघेल का, घट्ट गऱ्यांचं कापा की मऊ गऱ्यांचं बरका, ते मात्र आठळीवरून सांगता येत नाही म्हणालात. आईला दोन्ही चालायचे.

आर्द्रा निम्म्यावर आल्या तेव्हा तिन्ही उगवल्या. त्यातल्या दोन काढायच्या म्हटल्यावर ताईचा हातच होईना. तुम्ही खुरपं घेतलंत, पण उपटलं नाहीत. मातीच्या बरोबरीनं कापलंत, कारण उपटताना शेजारचं मूळ हलतं. "तिन्ही ठेवलीस तर एक बी धड येणार न्हाई," एवढंच बोललात आणि कापलेली रोपं ताईच्या हातात दिलीत. ती तिनं कुठं ठेवली, मी विचारलं नाही.

आता मुख्य गोष्ट. तो बांध आपला सामाईक आहे आणि त्याच्या उत्तरेला तुमची रताळी आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊन दक्षिणेकडून येतं, सावली तुमच्याच सऱ्यांवर पडणार. नेमका तेव्हाच रताळी पोसायचा मोसम. फणसाचा घेर केवढा होतो हे तुम्हाला कुणी सांगायला नको. बांधावरच्या झाडाच्या फांदीवरून सख्खे भाऊ कोर्टात गेलेले आपल्या शिवारात आहेत. मी भीतभीतच विषय काढला, तर तुम्ही म्हणालात, "तुझी आई आमच्या हिच्याबरोबर पैऱ्यानं, आज आमच्यात उद्या तुमच्यात, भांगलायला येत होती. तिला सावलीला जागा नको?" यावर मी काय बोलणार होतो?

पावसाळ्यात लावलेलं झाड कुणाचंही जगतं. फोटोही छान येतो. खरी गोष्ट होळीनंतर सुरू होते, जेव्हा तांबडी माती दगडासारखी होते आणि विहीर तळाला जाते. मी बेळगावला उद्यमबागेत फौंड्रीत, पाळी आठवड्याला बदलते. रविवारशिवाय खानापूर गाठणं होत नाही. आणि दर रविवारी येऊन बघावं तर आळं ओलं. मग कळलं. तुम्ही खानापूरच्या कुंभाराकडून मडकं आणून रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरलं होतंत. तोंडावर कौलाचा तुकडा, आत पाणी. कच्चट भाजलेल्या मडक्यातून ते हळूहळू पाझरतं आणि मुळाला जेवढं लागतं तेवढंच मिळतं. ते भरायला काकू कळशी घेऊन जायच्या, गुडघे दुखत असताना. हे तुम्ही नाही सांगितलंत, नातवानं सांगितलं.

वरच्या रानातून गवे उतरले आणि पलीकडचा ऊस तुडवला, त्या रात्रीनंतरही सकाळी पहिला फोन तुमचा. "झाडाला काय झालं न्हाई." स्वतःच्या वेलांचं काय झालं ते मी विचारल्यावर सांगितलंत.

परवा वर्षश्राद्धाला काका बांधावर गेले. रोप गुडघ्याच्या वर आलंय, पानं गडद आणि तुकतुकीत. नदीचा हट्ट धरणारे काका आळ्यातलं गवत उपटत बसले होते.

आप्पा, काकू, तुमचे आभार मानायला मला हेच एक पत्र जमलं. पाणी, जागा आणि येणाऱ्या सालांची सावली, सगळं तुम्ही न मागता दिलंत. रताळ्याच्या दोन सऱ्या कमी निघाल्या तर तेवढ्या आमच्या बाजूच्या तुम्ही करा. ताईशी बोललोय, ती तयार आहे. नाही म्हणू नका.

रविवारी येतोय. कुंपणाच्या करवंदीच्या काट्या मीच तोडून आणतो, तुम्ही रानात जाऊ नका. मडक्याला चीर गेलीय म्हणत होतात, दुसरं येता येता घेतो. आणि काकूंना सांगा, जेवायला थांबणार आहे.

तुमचा,
बांधापलीकडचा