लाल रंग एकटा असला तरच लाल दिसतो

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला सिनेमाच्या पोस्टरांवरचा लेख वाचला, रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून आज बाकीची कामं बाजूला ठेवून आधी हे पत्र लिहायला बसले. लेखकाने मेहनत घेतलीय, नाही म्हणत नाही. पण दोन गोष्टी वाचून गप्प बसवत नाहीये. एक म्हणजे साधं, मिनिमल पोस्टर कमी वेळात आणि कमी कष्टात होतं हे विधान. आणि दुसरं ते चौकटीत छापलेलं रंगांचं कोष्टक, लाल म्हणजे प्रेम नाहीतर धोका, निळा म्हणजे शांतता, केशरी म्हणजे उत्साह वगैरे.

आधी कोष्टकाचं बोलते. निळा म्हणजे शांतता असेल तर १९७५ च्या 'जॉज' या हॉलिवूडपटाच्या पोस्टरचं काय करायचं? खाली निळं पाणी, त्यातून सरळ वर येणारा शार्क, वर पोहणारी एकटी बाई आणि डोक्यावर लाल अक्षरांत नाव. ते पाणी बघून कुणाला शांत वाटतं हो? तो निळा अंगावर येतो कारण त्याच्या आजूबाजूला काहीच ठेवलेलं नाही, ना बोट, ना किनारा, ना धावत येणारं कुणी. तीन मुख्य नटांची नावं आहेत पण चेहरा एकाचाही नाही. केशरीचं पण तसंच. अमेरिकन ग्राफिक डिझायनर सॉल बास यांचं १९५८ च्या 'व्हर्टिगो' सिनेमाचं पोस्टर आठवा, केशरी-लाल कागद, त्यावर पांढरं भोवऱ्यासारखं चक्र आणि मधोमध पडणाऱ्या दोन आकृत्या, बघूनच गरगरतं. पुढच्याच वर्षी त्यांनीच 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर'साठी तशाच केशरीवर काळ्या कागदाच्या तुकड्यांसारखं कापलेलं प्रेत टाकलं आणि त्याच रंगाकडे बघताना आता पोटात थंड पडतं. माणूस तोच, रंग जवळजवळ तोच, मग कोष्टकातला उत्साह कुठे गेला? रंगाला अर्थ शेजारच्या रंगामुळे आणि किती मोकळी जागा सोडलीय त्यामुळे येतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता कमी कष्टांचं. हे मला फार लागलं कारण मी हेच काम करते. काही वर्षांपूर्वी एका छोट्या सिनेमाचं पोस्टर माझ्याकडे आलं होतं, समुद्रावर मूल हरवलेल्या आईबापांची गोष्ट. मी ठरवलं की पूर्ण कागदभर राखाडी ओली वाळू आणि खाली एका कोपऱ्यात लहान मुलांची लाल बादली, बस. ती बादली मी अकरा वेळा काढली. कडी उभी ठेवली की वाटायचं आत्ता कुणीतरी येऊन उचलणार, कडी एका बाजूला पडलेली दाखवली तेव्हा कुठे ती सोडून दिलेली दिसायला लागली. आकार जरा वाढवला की खेळण्याची जाहिरात वाटायची. मग नेहमीप्रमाणे चित्र ब्लॅक अँड व्हाइट करून बघितलं तर बादली गायबच झाली! लाल आणि तो राखाडी दोन्ही सारख्याच गडदपणाचे निघाले, म्हणजे लांबून डोळे बारीक करून बघणाऱ्याला किंवा संधिप्रकाशात ती दिसलीच नसती. राखाडी दोन पायऱ्या फिका केला. फोनवर नखाएवढं करून बघितलं, कारण सत्तावीस बाय चाळीस इंचांचं पोस्टर आता बहुतेक लोक नखाएवढंच बघतात. शेवटी प्रिंटचं प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, आलं तर वाळूला गुलाबी झाक, कारण तो राखाडी रंगीत शाया मिसळून बनला होता, नुसत्या काळ्या शाईवर आणून परत प्रूफ काढलं. तीन आठवडे गेले एका बादलीत आणि वाळूत.

आणि मग निर्माते म्हणाले, "वर एवढी जागा रिकामीच आहे की, तिचेही पैसे आपण दिलेत."

मी पुष्कळ समजावलं, की ती जागा म्हणजेच ते मूल आहे, तिथे काही ठेवलं तर गोष्टच जाईल, पण नाही. छापून आलं तेव्हा वर तीन चेहरे होते, अर्धे निळ्या उजेडात अर्धे नारिंगी, नायिकेच्या गळ्यात लाल स्कार्फ, नाव सोनेरी आणि त्याला चमक. माझी बादली खाली नावांच्या ओळींमागे राहिली होती. मी रिलीजच्या दिवशी समोरच्या फुटपाथवरून बघत उभी होते, मलाच ती शोधावी लागली. शेजारी एक मुलगा आईला विचारत होता, हा मारामारीचा आहे का गं? मला त्या क्षणी रडू आलं होतं आणि आज लिहितानाही तसंच होतंय.

नारिंगी-निळ्याची जोडी वाईट आहे असं नाही. रंगचक्रावर ते समोरासमोर येतात, माणसाची कातडी नारिंगीच्या घरातली, म्हणून मागे निळा दिला की चेहरा उठून दिसतो, ते खरंच आहे. पण सगळ्यांनीच तेच केल्यावर भिंतीवर वेगळा कोण दिसणार? चेहरे नकोतच असंही मी म्हणत नाही, नटांच्या करारात कुणाचं नाव कुठे आणि केवढं हेसुद्धा ठरलेलं असतं, निर्मात्याची अडचण मला कळते. १९५५ च्या 'द मॅन विथ द गोल्डन आर्म'च्या पोस्टरवर बास यांनाही नटांचे फोटो घ्यावे लागलेच. पण त्यांनी ते रंगीत चौकोनांत बसवले आणि मधल्या वाकड्या काळ्या हाताची जागा कुणाला दिली नाही. हे करायला धाडस लागतं आणि वेळही लागतो, आणि तुमचा लेख म्हणतो कमी कष्ट.

अजून एक, आणि हे थेट तुम्हाला. लेख रंगांवरचा, आणि त्यातली सहाही पोस्टरं तुम्ही ब्लॅक अँड व्हाइट छापलीत, तीही तिकिटाएवढी. 'व्हर्टिगो'चा केशरी तिथे मळकट राखाडी झालाय, 'जॉज'चं लाल नाव इतर अक्षरांसारखंच दिसतंय. ज्याने ती पोस्टरं आधी बघितली नाहीत त्याला लेखातलं काय कळणार? शेजारच्या पानावर मोबाईलची जाहिरात मात्र पूर्ण रंगीत आहे, म्हणजे रंगीत छपाई त्या दिवशी होती. पुढच्या रविवारी सहा नकोत, एकच पोस्टर छापा, पण रंगीत आणि अर्धं पान तरी. आणि कृपा करून त्याच्या मोकळ्या जागेत मथळा टाकू नका.

आपली,
एक नियमित वाचक