टाळ थांबवू नका, बाबा

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलायला घेतलं तर माझा गळा दाटेल आणि बाबा ‘बरं बरं’ म्हणून फोन आईकडे देतील, म्हणून लिहिते आहे.

आईने रविवारी सांगितलं की बाबांनी गळ्यातली माळ काढून देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला अडकवली आणि संध्याकाळी ते हरिपाठाला बसत नाहीत. आई, तू इतकी दबकून बोलत होतीस की घरात कुणी आजारी आहे असंच मला वाटलं. बाबा, एकदा लग्नाच्या पंगतीत तुमची माळ तुटली, तर तुम्ही भरल्या पानावरून उठला होतात आणि नवी माळ गळ्यात पडेपर्यंत दिवसभर नुसत्या पाण्यावर राहिला होतात. मी तेव्हा सहावी-सातवीत असेन. त्या माणसाने माळ आपल्या हाताने उतरवली, तर आत किती तुटलं असेल ते मला कळतं.

नानांचं जाणं मलाही पचलेलं नाही. वारी पुरी करून, पौर्णिमेचा काला घेऊन माणूस घराकडे निघतो आणि रस्त्याच्या कडेला टेम्पो त्याला उडवतो. इतकी वर्षं आपल्या दिंडीचा वीणा त्यांच्या गळ्यात होता. वीणा जमिनीला टेकू द्यायचा नाही, दुसऱ्याच्या गळ्यात देताना आधी पाया पडायचं, हे मला लहानपणी त्यांनीच शिकवलं. यंदा गुडघ्यांमुळे तुम्ही बरोबर नव्हता, तेही तुम्हाला खात असणार. तुम्ही आईला म्हणालात, “ज्यानं वीणा खाली ठेवला नाही, त्याला यानं रस्त्यावर ठेवलं. मग मी नाव कुणाचं घेऊ?”

बाबा, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. ‘पांडुरंगाची इच्छा’ असं सांगायला जे येतील त्यांचं ऐकून घ्या, पण तेवढ्याने समाधान झालं नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

2019 साली माझं बाळ सातव्या महिन्यात गेलं. तेव्हा मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली नव्हती, ती आज सांगते. आपल्या घरात नवस बोलत नाहीत हे ठाऊक असूनही मी विठोबाला गुपचूप नवस बोलले होते. म्हणून त्याने मला फसवलं असंच वाटलं. माझ्या घरातला विठ्ठलाचा फोटो मी कपाटात उलटा ठेवून दिला. तुम्ही दोघं महिनाभर माझ्याकडे राहिलात. बाबा रोज सात वाजता गॅलरीत बसून हरिपाठ म्हणत आणि मी स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी आपटत असे. तुम्ही आवाज वाढवला नाही, कमीही केला नाही. मला ‘ये, बस’ म्हणाला नाहीत. तेव्हा त्याचा राग यायचा. पण आता वाटतं, तुम्ही म्हणाला असतात तर मी कायमची उठून गेले असते.

मग 2022 साल आलं. त्याआधीची दोन वर्षं पायी वारी झाली नव्हती. 2020 ला माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, तेव्हा तुम्ही टीव्हीसमोर बसलात नाही, हात जोडून उभे राहिलात. दोन वर्षांनी पायी सोहळा निघाला आणि मी तुमच्याबरोबर लोणंद ते तरडगाव एवढा एकच टप्पा चालले. भक्ती म्हणून नव्हे, तुमच्या गुडघ्यांची काळजी म्हणून. चांदोबाच्या लिंबाजवळचं उभं रिंगण, वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून घोडे धावतात ते, मी लांबूनच पाहिलं. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझे डोळे कोरडे राहिले.

पण संध्याकाळी तळावर समाज आरतीला सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहिल्या. चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, उंच केला आणि एवढा टाळमृदंगाचा गजर एकदम थांबला. फक्त एका दिंडीचे टाळ वाजतच राहिले. मला वाटलं, त्यांचं लक्ष नसेल. तुम्ही माझ्या कानात म्हणालात, “लक्ष आहे. त्यांची तक्रार आहे. चोपदार जाऊन ऐकत नाहीत तोवर ते टाळ थांबवणार नाहीत.” त्यांना पाण्याचा टँकर मिळाला नव्हता. ऐकून घेतलं गेलं, मग टाळ थांबले, हरवल्या-सापडल्याची यादी वाचली आणि आरती झाली.

मला त्या रात्री राहुटीत झोप आली नाही. एवढ्या मोठ्या सोहळ्यात आरतीच्या आधी तक्रारीला जागा आहे, आणि ती करायची ती टाळ वाजवत. माझीही तक्रारच होती बाबा. पण मी टाळच खाली ठेवला होता, मग ती ऐकायला कोण येणार होतं? घरी गेल्यावर फोटो सरळ केला. विश्वास परत आला होता असं अजिबात नाही. रोज संध्याकाळी समोर बसून आधी भांडायचे, मग एक अभंग म्हणायचे. कित्येक महिने त्या अभंगात मन नसायचं. अजूनही काही दिवस नसतं.

तुम्हीच मला तुकोबांचं आत्मचरित्र म्हणून जो अभंग पाठ करायला लावला होता, तो त्या दिवसांत मला खरा कळला. दुष्काळात धंदा बुडाला, एक बायको अन्न अन्न करत गेली, हे सांगून ते लगेच मोडकं देऊळ दुरुस्त करण्याकडे वळतात. आणि पुढे म्हणतात, ‘आरंभीं कीर्तन करीं एकादशी । नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं ॥’ सुरुवातीला त्यांचंही चित्त नव्हतं! हे त्यांनी लपवलं नाही. ‘माझे लेखीं देव मेला’ असंही त्यांनीच म्हटलं, आणि तो अभंग आपण गाथेतून काढून टाकला नाही, जपला. चोखोबांना जातीमुळे देवळात येऊ दिलं नाही, तर त्यांनी ते दुःख विठ्ठलालाच ऐकवलं. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, तेही देव सोडून नव्हे, त्याच्या दारात सगळ्यांना येता यावं म्हणून. कॉलेजात असताना चोखोबांवरून मी तुमच्याशी कडाडून भांडले होते, तेव्हा साने गुरुजींचं हे तुम्हीच मला सांगितलं होतं.

आई, तू तर पायी वारीला कधी गेलीच नाहीस. गुरं, घर, म्हातारी सासू. पालखी यायची त्या दिवशी पहाटे तीनपासून भाकऱ्या थापायचीस आणि संध्याकाळी तुला साधं दर्शनही मिळायचं नाही. तुझ्या श्रद्धेबद्दल आम्ही कुणी कधी विचारलंच नाही, जणू ती तुळशीच्या कट्ट्यासारखी दारात असणारच. तुलाही कधी शंका आली होती का गं? मला ऐकायचं आहे.

बाबा, माळ लगेच घाला असं मी म्हणणार नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा. पण उद्यापासून रोज सात वाजता मी फोन करीन. आई, तो स्पीकरवर ठेव. हरिपाठ मी म्हणेन, तू साथ दे. बाबांनी नुसते टाळ धरले तरी चालेल. नानांचा हिशोब विचारायचा असेल तर टाळ वाजवता वाजवता विचारा, अगदी शिव्या देऊन विचारा. जनाबाईने दिल्याच होत्या.

कार्तिकीला फलटणहून एसटीने जाऊ. पदस्पर्शाची रांग तुम्हाला झेपणार नाही. मुखदर्शन घेऊ, तेही नको वाटलं तर नामदेव पायरीशी थांबू आणि समोर चोखोबांच्या समाधीजवळ बसू. नानांच्या घरी विचारून वहिनींनाही बरोबर घ्यायचं माझ्या मनात आहे. नाना गेल्यापासून त्या घरात एकट्याच असतात म्हणे. बाबा, तुम्ही अजून त्यांच्याकडे गेला नाहीत असं आई म्हणाली. शनिवारी मी येते, तेव्हा दोघं मिळून जाऊ.

येताना गुडघ्याचा पट्टा आणते. जुना सैल झालाय.

तुमची,
माई