ज्यानं दुष्काळ पाहिला त्याचा अभंग

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

"बाबा, इतकी वर्षं हरिपाठ म्हणता, मग आपल्याच वावरावर हे का?" असं तू काल विचारलंस. फोनवर एवढं बोलणं होत नाही, म्हणून लिहितो.

आईनं कपाशीच्या वेचणीआधी सीतादहीची पूजा केली, धुऱ्याजवळ दहीभात ठेवला, आणि वेचणीला बाया लावणार तोच पाऊस लागला. खालची बोंडं झाडावरच सडली. बोंड उकललं की हातात कापसाची पिवळी, नासलेली कवडी येते, आतल्या सरकीला कोंब फुटलेले. व्यापारी त्याचा काय भाव करतो ते तुला ठाऊक आहे.

माय, "जेथें जातों तेथें तूं माझा सांगाती" तुला तोंडपाठ आहे. काकड्याला टाळ घेऊन म्हणायचीस. पण हे म्हणणारा माणूस कोण, ते ध्यानात घे. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. तुकोबांचा धंदा बुडाला, गावात मान राहिला नाही. "स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली," हे त्यांनीच लिहून ठेवलंय. भरल्या कणगीशेजारी बसून कुणी धीर दिला असता तर मी त्यावर विसंबलो नसतो. इथं ज्याचं घर उजाड झालं तोच सांगतो, "चालविसी हातीं धरूनियां". पुढच्या ओळीत भारही आहे, "चालविसी भार सवें माझा". म्हणून या दिवसांत मला हाच अभंग पुरतो.

झोप लागत नाही त्या रात्री ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय काढतो. "योगक्षेमं वहाम्यहम्" या श्लोकावर माऊलींनी पंख न फुटलेल्या पिलांसाठी जगणारी पक्षीण दाखवली आहे. मोठ्यानं वाचतो, म्हणजे आईच्याही कानावर पडतं.

परवा शेजारचे काका न बोलावता बैलजोडी घेऊन आले. म्हणाले, सोयाबीनचं रान रिकामं आहे, हरभरा पेरून घेऊ, बियाण्याचे पैसे मागाहून दे. त्यात मला देवाचाच हात दिसला. तुला हे भोळं वाटेल, वाटू दे. मी मनापासून मानतो.

फीचं मनाला लावून घेऊ नको. आईनं बचत गटातून रक्कम उचलली आहे, सोमवारी तुझ्या खात्यात टाकतो. पैसे वाचवायला म्हणून मेसचा डबा मात्र बंद करू नको.

तुझा,
बाबा