बेळगावचा नांगर आणि 'काही काळ'

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांवरचा लेख वाचला. भाषा झकास, फोटोही ऐसपैस. पण लेख सुरू होतो कुंडलच्या माळावर, म्हणजे त्यांच्या कारखान्याच्या किर्लोस्करवाडीत, आणि संपतोही तिथेच. बेळगावच्या वाट्याला काय, तर 'बेळगावात काही काळ सायकलचे दुकान चालवून' एवढेच. काही काळ म्हणजे किती हो? दुकान १८८८चे, गाव सोडले १९१०ला. बावीस वर्षे! मग मी उद्यमबागेत फाऊंड्रीत जन्म घालवला तोही 'काही काळ'च म्हणायचा.

लक्ष्मणराव जन्मले गुर्लहोसूरला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. बढतीत डावलले म्हणून मुंबईची मास्तरकी सोडली आणि आले ते बेळगावला, थोरले बंधू रामूअण्णांकडे. सायकली विकल्या, लोकांना चालवायला शिकवल्या, पुढे कडबा कापायची यंत्रे केली आणि मग लोखंडी नांगर. ज्या नांगरावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तो बेळगावात तयार झाला. लोखंड लागले की जमीन नासते म्हणून शेतकरी त्याला हात लावीनात, काही केल्या नांगर खपेना. हे सगळे बेळगावात घडले. लेखात यातले अक्षर नाही.

वर आपले लेखक म्हणतात, 'बेळगावात नशिबाने साथ दिली नाही.' नशिबाचा काय संबंध? नवी वसाहत वाढवायची म्हणून तेव्हाच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करायला लावली. त्या अडचणीत औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला, वर दहा हजार रुपये बिनव्याजी. आपण घालवले, त्यांनी बोलावले, हिशेब सरळ आहे. आता आपल्याकडे किर्लोस्कर रोड आहे. त्या रोडवर साडीखरेदीला जाणाऱ्या दहा जणांना विचारा, हे नाव का म्हणून.

हे एवढे झोंबायला आणखी एक कारण आहे. आमच्या येळ्ळूरच्या घरी आजोबांनी घेतलेला किर्लोस्कर नांगर होता. फाळ झिजून बोथट झालेला, पण अंगावरची ओतीव अक्षरे बोटाने चाचपली तरी वाचता यायची. मी साच्यात वाळू ठोकण्यात हयात घालवलेला माणूस, ते ओतकाम बघून आजही मान डोलते. इथल्याच एका संस्थेने 'आपला औद्योगिक वारसा' म्हणून प्रदर्शन भरवले आणि दोन पोरे नांगर मागायला आली. 'काका, आठ दिवसांत आणून देतो.' मी चहा पाजून, टेम्पोत स्वतः उचलून दिला.

आठ दिवसांचे महिने झाले तेव्हा बघायला गेलो. नांगर गेटाजवळच्या बागेत, शेवंतीच्या कुंड्यांमध्ये, वरपासून खालपर्यंत चंदेरी ऑईलपेंट मारलेला! अक्षरांच्या खाचा रंगाने बुजलेल्या. रुमण्याची मूठ गायब, तिच्या जागी सळईचा तुकडा वेल्डिंग करून ठोकलेला. आणि पाटी काय? 'पुरातन नांगर. देणगीदार: अज्ञात.' अज्ञात? पोरांना खारी खाऊ घातली ती कोणी? ऑफिसात विचारले तर बाई म्हणाल्या, 'रजिस्टर बघावे लागेल, साहेब रजेवर आहेत.' साहेब अजून रजेवरच आहेत. इतकी रजा आमच्या भट्टीवर कोणाला मिळाली असती तर देवाशपथ मी संघटना काढली नसती.

उगीच वाद नको म्हणून संस्थेचे नाव लिहीत नाही. त्यांना कळेल. नांगर परत द्यावा, रंग मी रॉकेल लावून काढीन.

आणि हो, लेखात किर्लोस्करवाडी कोल्हापूर जिल्ह्यात टाकली आहे. ती सांगली जिल्ह्यात आहे, पलूस तालुक्यात. बेळगावहून मिरज-पुणे मार्गावर आगगाडीत बसले की स्टेशनच लागते, पाटी वाचायला पैसे पडत नाहीत. शुद्धिपत्र पहिल्या पानावर छापा अशी माझी अपेक्षा नाही, पण छोट्या जाहिरातींच्या खालीही नको.

जाता जाता, गेल्या बुधवारच्या शब्दकोड्याचे उत्तर अजून आलेले नाही. आडवा १४ काही केल्या बसत नाही. सौ. म्हणते कोडेच चुकले आहे, आणि या लेखानंतर मला तिचे पटू लागले आहे.

आपला,
एक जुना फाऊंड्रीवाला,
अनगोळ, बेळगाव