बाबांची एकादशी आणि इथला रमजान

दुबई

ती. सौ. आईस,
सा. न.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, झोप होते. व्हिडिओवर चेहरा ओढलेला दिसतो तो इथल्या दिव्यांमुळे, उगाच काळजी करू नकोस.

रमजान लागलाय आणि अख्खं गाव रात्रीचं झालंय. पहाटेच्या अजानाआधी सहूर (उपासाआधीचं खाणं) उरकायची, मग पाण्याचा थेंबही नाही. सूर्यास्ताला पोलीस तोफ डागतात, की आधी खजूर-पाणी, मग नमाज, मग जेवण. कामाचे तास दोनने कमी, आणि रात्री दोन वाजता तान्ही मुलं कडेवर घेऊन माणसं बाजारात! दुपारी डोकं ठणकतं त्याचा दोष उपासाला देतात. खरं तर चहा-कॉफी तुटलेली, पाणी कमी, झोप अर्धवट. म्हणून जाणती माणसं चहा आठवडाभर आधीच कमी करत आणतात. तुझी निर्जळीची डोकेदुखी याच जातीची.

आता बाबांचं. उपासाने मेंदू तल्लख होतो हा त्यांचा फॉरवर्ड अर्धाच खरा. बारा-चौदा तास पोट रिकामं राहिलं की यकृतातला साखरेचा साठा उतरतो, चरबीपासून कीटोन नावाचं इंधन बनतं आणि मेंदू ते वापरतो. उंदरांत याचे फायदे दिसलेत, माणसांची स्मरणशक्ती वाढते हे अजून सिद्ध व्हायचंय. आणि दर तीन तासांनी खिचडी, वेफर्स, रताळं खाल्लं तर कीटोन बनणार कधी? साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्यापेक्षा थोडी भगर, दाण्याची आमटी, ताक बरं.

त्यांची मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी पोटात अन्न असो-नसो इन्सुलिन सोडायला लावते. मागच्या एकादशीचा घाम, थरथर, चिडचिड म्हणजे मेंदूला साखर कमी पडली होती. असं झालं की बोट टोचून बघायचं (त्याने उपास मोडत नाही). साखर 70 च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. पेढा नको, त्यातल्या तुपाने साखर उशिरा चढते. गोळीचं एकादशीआधी डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने बंद करू नका. लांबून उपदेश करते म्हणशील, पण फोनवरून साखरपाणी देता येत नाही ना.

पैसे सोमवारपर्यंत जमा होतील, त्यातून आधी ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणा. गणपतीला येणं जमेलसं दिसत नाही. रागावू नकोस, दिवाळीचं बघते. मामींनी आणलेल्या स्थळाला नंबर द्यायचा तर दे, पगाराचा आकडा मात्र सांगू नकोस.

तुझी,
मीनू