प्रयोगवहीतले आकडे खरे ठेवायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

विज्ञान प्रदर्शनात मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर विद्यार्थ्याचे नाव, शाळेचे नाव आणि मार्गदर्शक शिक्षकाचे नाव एवढ्याच जागा छापलेल्या असतात. आमच्या मुलांच्या प्रमाणपत्रांवर तिसऱ्या जागी माझे नाव आले आणि गावात अभिनंदनही माझेच झाले. पृथ्वीचा परीघ मोजण्याच्या त्या प्रकल्पात जे काही मोलाचे होते ते तुमच्याकडून आले, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेबाहेरच्यांनाही ते कळावे, म्हणून हे पत्र कोणालाही वाचता येईल असे लिहीत आहे. महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून उभी हयात घालवलेला माणूस निवृत्तीनंतर गावच्या माध्यमिक शाळेत आपण होऊन येतो, मुलांच्या बाकावर बसतो, मानधनाचे नाव काढले की चहावर विषय मिटवतो, याची नोंद कोणत्याही कागदावर नाही. ती निदान या पत्रात तरी राहावी.

तुमचा पहिला आग्रह प्रयोगवहीबद्दल होता. दहावीच्या विज्ञानाला प्रात्यक्षिकाचे 20 गुण असतात आणि ते पदरात पडावेत म्हणून मुले पुस्तकातले उत्तर आधी पाहून निरीक्षण तक्ता मागून भरतात, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही शिक्षकाला नवीन नाही. तुम्ही मुलांना एकच नियम घालून दिला: निरीक्षण पेनानेच लिहायचे, खोडरबर वापरायचा नाही, आणि आकडा चुकला असे वाटले तर त्यावर अशी एकच आडवी रेघ मारायची की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वही मळलेली दिसेल अशी मुलांना भीती वाटली. कोणत्या कारणाने रेघ मारली ते शेजारी लिहा, मग वही मळकी दिसणार नाही, असे तुम्ही सांगितले. तेव्हापासून आमच्या नववीच्या वह्या वाचायला मला खरोखर आनंद होतो, कारण प्रत्येक वही वेगळी असते.

या नियमाचा उपयोग लंबकाच्या प्रयोगात लगेच दिसला. एका गटाने 50 सेंटिमीटर दोऱ्याला 3 सेंटिमीटर व्यासाचा लोखंडी गोळा बांधला, वीस आंदोलनांचा वेळ घेतला आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढले, ते आले 9.5. पुस्तकात 9.8 आहे हे त्यांना माहीत होते आणि तो आकडा लिहून टाकण्याचा मोह त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. तुम्ही त्यांना 9.5 लिहायला लावले आणि विचारले की लंबकाची लांबी कुठून कुठपर्यंत मोजली. त्यांनी ती गाठीपर्यंत मोजली होती. गोळ्याच्या मध्यापर्यंतचे दीड सेंटिमीटर राहून गेले होते. ते धरून पुन्हा गणित केल्यावर उत्तर 9.8 च्या जवळ आले. दीड सेंटिमीटर ही किती क्षुल्लक गोष्ट आहे असे म्हणणारी मुले त्या दिवशी टक्केवारीचे गणित स्वतःहून करू लागली आणि 51.5 मधले 1.5 म्हणजे जवळजवळ तीन टक्के, हे त्यांनीच फळ्यावर मांडले.

विजेच्या मोटरचेही तसेच. एक सेल, दोन सेफ्टी पिना, जुन्या स्पीकरमधले चुंबक आणि इनॅमल, म्हणजे वीज न वाहू देणारा लेप, लावलेल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे एवढ्या सामानावर ती मोटर होते. मुलांनी तारेची दोन्ही टोके पूर्ण खरवडली, तेव्हा वेटोळे थरथरले आणि थांबले. वह्यांमध्ये ‘मोटर फिरली नाही’ असे लिहिले गेले. मग तुम्ही एका टोकाचे इनॅमल फक्त अर्ध्या बाजूने खरवडून दाखवले आणि बोटाने हलकेच ढकलताच वेटोळे फिरू लागले. अर्ध्या फेरीनंतर चुंबकीय बल वेटोळ्याला उलट दिशेने ओढू लागते, तेवढ्या वेळापुरता प्रवाह तुटला तर वेटोळे जडत्वाने पुढे जाते, हे कारण मुलांनी त्या अर्ध्या खरवडलेल्या टोकाकडे बघत शोधले. पुस्तकातल्या मोटरमध्ये स्प्लिट रिंग, म्हणजे दर अर्ध्या फेरीला प्रवाहाची दिशा बदलणारी दुभंगलेली कडी, कशासाठी असते, हे त्यानंतर वेगळे शिकवावे लागले नाही.

परीघाच्या प्रकल्पाबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवे, कारण इतर शाळांतले शिक्षक मला त्याविषयीच विचारतात. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने, दक्षिणेकडच्या साईनी गावात सूर्य थेट डोक्यावर असताना, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियातल्या छायेचा कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे 7.2 अंश, मोजला आणि त्या दोन गावांमधल्या अंतराला पन्नासाने गुणून पृथ्वीचा परीघ काढला, ही गोष्ट आम्ही वर्गात सांगत आलो होतो. ती आपल्याला इथे करून बघता येईल हे तुम्ही सुचवले. आमची शाळा कोल्हापूरजवळची. तुमच्या ओळखीने नाशिकजवळची एक शाळा तयार झाली. दोन्ही ठिकाणे जवळपास एकाच रेखावृत्तावर आहेत, त्यामुळे उत्तर-दक्षिण अंतर सरळ धरता येते. ते अंतर मुलांनी नकाशाच्या प्रमाणपट्टीवरून मोजले आणि ते सुमारे 367 किलोमीटर आले. एका मुलाने नकाशावरच्या अक्षांशांवरूनच कोनातला फरक घेऊ या, असे सुचवले, तेव्हा तुम्ही त्याला थांबवून समजावले की जे मोजायचे आहे तेच नकाशातून उचलले तर आपण काहीच मोजले नाही. नववीतल्या मुलाला हे एका वाक्यात पटले, याचे मला आजही नवल वाटते.

दिवस निवडतानाची तुमची दूरदृष्टी तर मला प्रकल्प संपल्यावर नीट उमगली. 22 डिसेंबरच्या आसपास सूर्य आपल्या दक्षिणेकडच्या टोकाला पोहोचलेला असतो आणि पुढे-मागे दोन-तीन दिवस त्याची माध्यान्हीची उंची जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे एका गावात ढग आले तरी दुसऱ्या दिवशी मोजता येते आणि दोन्ही शाळांचे आकडे तरीही जुळवता येतात. शिवाय त्या दिवसांत आमच्याकडचे आकाश स्वच्छ असते. बरोबर बारा वाजता छाया सर्वांत लहान होईल अशी मुलांची खात्री होती, पण छाया साडेबारापर्यंत आखडतच राहिली. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते, कोल्हापूर त्याच्या आठ अंशांहून थोडे अधिक पश्चिमेला आहे, आणि दर अंशाला चार मिनिटे हा हिशेब भूगोलाच्या पुस्तकात पाठ केलेला होता. तो खडूच्या खुणांतून पटांगणावर उमटलेला पाहणे मुलांना नवीन होते.

पहिल्या मोजणीत आमच्या एक मीटरच्या काठीची छाया 83.5 सेंटिमीटर आली, नाशिकच्या मुलांची 95.6. नववीच्या गणितातली त्रिकोणमिती कामाला आली. कोनांतला फरक निघाला 3.85 अंश आणि परीघ सुमारे 34,300 किलोमीटर. खरा परीघ 40,000 किलोमीटरच्या घरात आहे हे सर्वांना माहीत होते, त्यामुळे वर्गात नाराजी पसरली. काठी ओळंब्यात होती का, जमीन सपाट होती का, हे सगळे तपासून झाले. ताटात पाणी घालून जमिनीची पातळी पाहिली होती, ओळंबाही बरोबर होता. मग तुम्ही मुलांना छायेच्या टोकाशी उकिडवे बसवले आणि टोक नेमके कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा म्हणालात. प्रत्येकाचे बोट वेगळ्या जागी होते. सूर्य हा ठिपका नाही, तो आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून छायेची कड गडद, फिकट आणि मग नाहीशी अशी विरत जाते. आमच्या मुलांनी गडद छाया संपते तिथे खूण केली होती, नाशिकच्या मुलांनी फिकट छाया संपते तिथे. त्या दोन जागांमध्ये दीड सेंटिमीटरहून अधिक अंतर पडते आणि आमच्या कोनात अर्ध्या अंशाची तफावत येते. दोन्ही शाळांनी प्रामाणिकपणे मोजले होते, फक्त मोजण्याची जागा आधी ठरवलेली नव्हती.

यावर तुम्ही केलेला उपाय इतका साधा होता की तो इथे सांगितलाच पाहिजे. काठीच्या टोकाशी, जमिनीपासून बरोबर एक मीटर उंचीवर, पत्र्याचा एक तुकडा आडवा बसवायचा आणि त्याला खिळ्याने बारीक भोक पाडायचे. पत्र्याच्या सावलीत त्या भोकाचा लंबगोल कवडसा पडतो आणि तो कवडसा म्हणजे सूर्याचीच प्रतिमा असते. त्याचा मध्य काढणे छायेची कड शोधण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे. अंतर मोजायचे ते भोकाच्या सरळ खाली ओळंबा टेकतो त्या जागेपासून कवडशाच्या मध्यापर्यंत. तुम्ही नाशिकच्या शाळेला फोनवरून भोकाचे माप सांगत होता आणि इकडे मुले पत्र्याच्या कडा घासत होती. नव्या मोजणीत आमचे 84.2 आणि त्यांचे 94.8 सेंटिमीटर आले, कोनांतला फरक 3.37 अंश आणि परीघ सुमारे 39,200 किलोमीटर. त्या संध्याकाळी मुलांनी आणखी एक हिशेब केला, तो मला सर्वांत आवडला: कवडशाचा मध्य एका मिलिमीटरने चुकला तर परीघात सुमारे 400 किलोमीटरचा फरक पडतो. आपल्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा हे त्यांना त्या हिशेबामुळे कळले.

प्रदर्शनात आमच्या शेजारी चकचकीत दिवे लावलेली, विकत आणलेल्या भागांची प्रतिकृती होती आणि आमच्याकडे एक काठी, पत्रा, दोरा आणि वह्या. परीक्षकांनी नववीतल्या आमच्या मुलीला विचारले की खरे उत्तर माहीत असताना 39,200 का लिहिले. तिने वही उघडून आडवी रेघ मारलेले 34,300 दाखवले, शेजारचे कारण वाचून दाखवले आणि मिलिमीटरचा हिशेब मांडला. परीक्षक बराच वेळ तिच्याशी बोलत उभे राहिले. क्रमांक आला याचा आनंद आहेच, परंतु एरवी वर्गात तोंड न उघडणारी मुलगी स्वतःच्या आकड्याची बाजू इतक्या शांतपणे मांडू शकली, यासाठी मी तुमची कायमची ऋणी आहे.

सामान जपून ठेवण्याची तुमची शिस्तही शाळेला लागली आहे. प्रयोगशाळेच्या कपाटावर आता काय कुठे आहे याची यादी मुलांच्या अक्षरात चिकटवलेली असते, तारांची वेटोळी जाडीनुसार वेगळी ठेवलेली असतात आणि वापरलेला सेल नव्यांत मिसळत नाही. हे लहान वाटेल, पण तासाची पस्तीस मिनिटे हातात असलेल्या शिक्षिकेला विचारा, सामान शोधण्यात गेलेली दहा मिनिटे काय असतात.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमच्या गावावर सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि त्या वेळी नाशिकच्या काठीची छाया जेमतेम सहा सेंटिमीटर असते. एराटोस्थेनिसच्या मोजणीच्या तो सर्वांत जवळचा दिवस. शाळेला सुट्टी असेल, तरी मुलांनी यायचे नक्की केले आहे. ऑगस्टमध्ये तोच योग पुन्हा येतो, पण तेव्हा आमच्याकडे आभाळ भरलेले असते, म्हणून मेच धरला आहे. काठी एक मीटरचीच ठेवावी की दोन मीटरची घ्यावी, यावर सध्या मुलांत वाद चालू आहे: लांब काठीत मिलिमीटरची चूक कमी महत्त्वाची ठरते, पण कवडसा मोठा आणि फिका होतो. दोन्ही गटांनी आपापली आकडेमोड तयार ठेवली आहे आणि ती तुम्हाला दाखवल्याशिवाय काठी कापायची नाही असे ठरले आहे. येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आलात तर मुले थांबतील.

आपली कृतज्ञ,
एक विज्ञान शिक्षिका, कोल्हापूर जिल्हा